ऑपरेशन पुढे ढकलले, पण बाळाला नाकारले नाही

वस्तीतली एक आई रडतच आमच्याकडे आली. कडेवर तीन महिन्यांची मुलगी, ओठ जन्मापासून दुभंगलेला. "ताई, डॉक्टर म्हणाले वजन वाढवून आणा. आम्ही गरीब म्हणून परत पाठवलं." आम्ही वजन केले. 3 किलो 400 ग्रॅम भरले. डॉक्टरांचे बरोबर होते, पण त्यामागचे कारण तिला कोणी सांगितलेच नव्हते.

ऑपरेशन म्हणजे शरीराला झालेली जखमच. ती भरायला नवे मांस, नवी कातडी लागते आणि ती प्रथिनांपासून तयार होते. खाणेपिणे बंद असते तेव्हा शरीर अंगातल्या साठ्यावर चालते. कुपोषित लेकराकडे साठाच नसतो, मग शरीर स्वतःचे स्नायू झिजवते. जखम लवकर भरत नाही, टाके उसवतात, पू होतो. खोकून कफ बाहेर टाकायलाही ताकद पुरत नाही. अंगात रक्त कमी असेल तर भूल देण्यातला धोका वाढतो.

म्हणूनच दुभंगलेल्या ओठासाठी डॉक्टर जुना 'दहाचा नियम' पाहतात : वय किमान 10 आठवडे, वजन 10 पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो, हिमोग्लोबिन 10 ग्रॅम.

त्या मुलीला ओठामुळे नीट चोखता येत नव्हते. घरचे बाटलीने पाणी घातलेले दूध पाजत होते. वर सासू म्हणायची, पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही. ग्रहणाने ओठ दुभंगत नाही, आईचा त्यात काही दोष नसतो. आम्ही तिला अंगावरचे दूध स्वच्छ वाटीत काढून, बाळाला उभे धरून, चमच्याने थोडे थोडे पाजायला शिकवले. पाणी घालणे बंद. दर आठवड्याला वजन. दोन महिन्यांनी मुलगी साडेचार किलोच्या वर गेली. ऑपरेशन झाले, टाके नीट भरले.

मोठ्या मुलांचे ऑपरेशन ठरले असेल तर हे करा :

- सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड अंगणवाडीत मोजून घ्या. घेर साडेअकरा सेंटीमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल तर ते तीव्र कुपोषण आहे. घरी एकदम भरपूर खाऊ घालू नका, पोषण पुनर्वसन केंद्रात न्या. सुजलेले मूल गुटगुटीत दिसते, फसू नका.
- रोज डाळ, मटकी किंवा चवळी, अंडे, जमेल तेव्हा सुकट. खिचडीत चमचाभर तेल आणि शेंगदाण्याचे कूट घाला. लहानग्यांना अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात.
- पालेभाजीवर लिंबू पिळा, पेरू-आवळा द्या. जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. चहा-बिस्कीट म्हणजे जेवण नव्हे.
- रक्तवाढीचे आणि जंताचे औषध डॉक्टरांना विचारूनच द्या.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र दवाखान्याने सांगितलेल्या वेळेनंतर काही देऊ नका. सहसा जेवण आणि वरचे दूध 6 तास आधी, आईचे दूध 4 तास आधी, साधे पाणी 2 तास आधी बंद करतात. मूल रडले म्हणून चोरून बिस्कीट दिले, तर भुलीत उलटी होऊन ते फुप्फुसात जाऊ शकते. आणि दिले असेलच, तर लपवू नका, सांगा.

प्रत्येक ऑपरेशन थांबवता येत नाही. अडकलेला हर्निया, फुटलेले अपेंडिक्स यांत तासांचा प्रश्न असतो. हृदयाला छिद्र असलेल्या काही बाळांचे वजन त्या आजारामुळेच वाढत नाही. तिथे किती थांबायचे हे डॉक्टरच ठरवतील.

पण "नंतर या" एवढ्यावर उठून येऊ नका. वजन किती हवे, हिमोग्लोबिन किती हवे, पुन्हा कधी यायचे, हे तिन्ही कागदावर लिहून मागा. अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला तो कागद दाखवा. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढच्या उपचाराची सोय हे पथक मोफत करते. ती मेहेरबानी नाही, लेकराचा हक्क आहे.