मावळातील निवडुंग व मांसल वनस्पतींची घरगुती जोपासना

निवडुंग म्हटला की रखरखीत माळरान, कडक ऊन व पाण्याचे दुर्भिक्ष डोळ्यांसमोर उभे राहते. अशी वनस्पती लोणावळ्यासारख्या ठिकाणी, जेथे वर्षाकाठी सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, कुंडीत जगेल काय, अशी शंका येणे साहजिक आहे. उन्हाळ्यात हौसेने आणलेली झाडे आषाढ-श्रावणात बुडाशी कुजतात आणि दोष हवेला दिला जातो. वस्तुतः मुळांशी साचून राहणारे पाणी हेच या नाशाचे मुख्य कारण होय. झाडाची जात ओळखून पाण्याचा निचरा सांभाळला, तर वडगाव-तळेगावच्या बाजूस तसेच लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावरही ही झाडे चांगली वाढतात.

सह्याद्रीतील उदाहरण

याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. जुन्नरजवळील शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी ही मांसल खोडाची दुर्मिळ वनस्पती आढळते. एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रेरिया इंडिका हे शास्त्रीय नाव दिले. पावसाळ्यात ती भिजते, परंतु उभ्या खडकाच्या फटीत पाणी क्षणभरही ठरत नाही, म्हणून तिची मुळे कुजत नाहीत. कुंडी भरताना हीच खडकाची फट डोळ्यांपुढे ठेवावी. मात्र गडावरील झाडे उपटून घरी आणू नयेत. ही वनस्पती थोड्याच ठिकाणी शिल्लक आहे.

झाडांची ओळख

मांसल वनस्पती आपल्या खोडात वा पानांत पाणी साठवितात. त्यांपैकी पुष्कळशा वनस्पतींची सूक्ष्म रंध्रे दिवसा मिटलेली असतात व रात्री उघडतात, त्यामुळे पाण्याचा व्यय कमी होतो. कोरफड, पानफुटी व घायपात या परिचित वनस्पती याच वर्गातील होत.

खऱ्या निवडुंगाच्या अंगावर लव असलेल्या बारीक गाद्या असतात व काटे त्यांतून निघतात. आपल्याकडील थोर व शेर यांनाही लोक निवडुंग म्हणतात, परंतु ते निराळ्या कुळातील आहेत. त्यांचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्याने मुलांच्या हाताशी ठेवू नयेत.

खऱ्या निवडुंगांचे लागवडीच्या दृष्टीने दोन गट पडतात. पहिला गट रुक्ष प्रदेशातील गोल वा खांबासारख्या काटेरी जातींचा. दुसरा गट अरण्यातील झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या जातींचा. नाताळाच्या सुमारास फुलणारा ख्रिसमस कॅक्टस हा ब्राझीलच्या आग्नेय भागातील दमट डोंगराळ अरण्यातला. घरोघरी ब्रह्मकमळ म्हणून लावतात तोही मेक्सिको व मध्य अमेरिकेतील निवडुंगच होय. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ वेगळे. दुसऱ्या गटातील झाडांना मावळची दमट हवा मानवते, म्हणून नवशिक्याने त्यांपासूनच आरंभ करावा.

कुंडी व माती

कुंडी मातीची व तळाशी मोठे छिद्र असलेली घ्यावी. छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवून त्यावर दोन बोटे विटांचे तुकडे पसरावेत. काळी चिकण माती वापरू नये. रुक्ष प्रदेशातील जातींसाठी तांबडी माती १ भाग, नदीची जाड वाळू व विटांचा चुरा मिळून २ भाग आणि पूर्ण कुजलेले पानांचे खत अर्धा भाग घ्यावे. अरण्यातील जातींसाठी पानांचे खत २ भाग, जाड वाळू १ भाग आणि कोळशाचे तुकडे व नारळाचा काथ्या मिळून १ भाग घ्यावा. मावळात भाताचे तूस मुबलक मिळते. ते भाजून काळे करून थोडे मिसळल्यास मिश्रण भुसभुशीत राहते.

पावसाळ्यातील काळजी

जून ते सप्टेंबर या काळात काटेरी जाती छपराखाली, उजेडाच्या व हवेशीर जागी ठेवाव्यात आणि पाणी जवळजवळ बंद करावे. कुंड्या पागोळ्यांखाली ठेवू नयेत. त्या विटांवर उचलून मांडाव्यात व खाली ताटली ठेवू नये. अरण्यातील जातींना वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे. लोणावळ्याच्या सततच्या पावसात त्याही आडोशालाच ठेवाव्यात. उन्हाळ्यात त्यांना दुपारचे ऊन लागू देऊ नये.

ख्रिसमस कॅक्टसची फुले

या झाडाला कळ्या येण्यास दीर्घ रात्र व थंडी लागते. पुष्कळदा झाड निरोगी असूनही फुलत नाही, कारण ओसरीतील दिव्याचा प्रकाश त्यावर पडत असतो. ऑक्टोबरपासून सुमारे सहा आठवडे कुंडी रात्री दिवा न लागणाऱ्या जागी ठेवावी, अथवा सायंकाळी ५ पासून सकाळी ८ पर्यंत खोक्याने झाकावी. या काळात पाणी कमी द्यावे. कळ्या दिसू लागल्यावर कुंडी हलवू नये वा फिरवू नये, अन्यथा कळ्या गळतात.

अभिवृद्धी, रोग व कीड

फुलांचा बहर संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, दोन-तीन पेऱ्यांचा तुकडा पिळून काढावा. तो तीन-चार दिवस सावलीत सुकवून ओलसर वाळूत लावावा. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. जाड खोडाच्या जातींचा काप आठ-दहा दिवस सुकवावा. ओला काप लावल्यास तो कुजतो.

बूड मऊ व काळे पडल्यास निरोगी भागापर्यंत स्वच्छ चाकूने छाटावे आणि वरचा शेंडा सुकवून पुन्हा लावावा. पिठ्या ढेकूण पांढऱ्या कापसासारखा दिसतो. तो स्पिरिटमध्ये बुडविलेल्या कापसाने पुसून काढावा. पावसाळ्यात गोगलगायी रात्री कोवळे शेंडे खातात. त्या कंदिलाच्या वा विजेरीच्या उजेडात हाताने वेचून नष्ट कराव्यात.

जोडधंद्याची संधी

लोणावळ्यास पर्यटकांची सतत ये-जा असते. तळेगाव दाभाडे परिसर हरितगृहातील फुलशेतीसाठी प्रसिद्ध आहे. अल्प जागेत व थोड्या पाण्यात तयार होणारी ही रोपे शेतकरी कुटुंबास, विशेषतः महिला बचत गटांस, हातभार लावू शकतील. आरंभी एकाच मातृझाडापासून दहा-वीस रोपे करून एक पावसाळा ती टिकवून पाहावीत व मगच व्याप वाढवावा. विकताना प्रत्येक रोपाची जात, त्याची माती व पावसाळ्यात ठेवण्याची जागा ग्राहकास समजावून सांगावी. ज्याचे झाड पहिल्याच पावसाळ्यात कुजते तो ग्राहक पुन्हा येत नाही. ज्याचे फुलते तो मात्र शेजाऱ्यालाही घेऊन येतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन कुंड्या, एक चिकण मातीची व एक निचऱ्याच्या मिश्रणाची, पावसाळ्याच्या आरंभी शेजारी शेजारी ठेवून दाखवाव्यात. दसऱ्यापर्यंत फरक सर्वांना आपोआप दिसून येईल.