स्वस्त डेटाच्या आड

मे २०२५मध्ये अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सगळ्या महाराष्ट्राला लागू झाले. त्याआधी ही पद्धत मोठ्या शहरांपुरती होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं आणि नोंदणी पुढे ढकलावी लागली. धडगाव-भामरागडसारख्या दुर्गम भागातल्या मुलीला जवळच्याच कॉलेजात जायचं असलं, तरी आता रेंज शोधण्यापासून सुरुवात. या अवस्थेचा माग काढताना २०११चा, विद्यार्थ्यांसाठी सरकारने आणलेला स्वस्त ‘आकाश’ टॅब्लेट आठवतो, पण तो गाजला आणि विरला. खरं वळण सप्टेंबर २०१६चं. जिओ आला, डेटा स्वस्त झाला आणि ‘फोन तर सगळ्यांकडेच आहे’ हे वाक्य धोरण बनलं. त्याआधी विद्यार्थ्यांना संगणक मिळवून देणं ही निदान कागदावर तरी सरकारची जबाबदारी होती. त्यानंतर ती गुपचूप मुलांच्या खिशावर गेली.

पुढच्या चार वर्षांत सगळंच पडद्यावर गेलं. शिष्यवृत्तीचे अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर, २०१९पासून एमएचटी-सीईटी ही प्रवेशपरीक्षा संगणकावर, ऑक्टोबर २०२०मध्ये अंतिम वर्षाच्या परीक्षासुद्धा ऑनलाइन. याच धावपळीच्या काळातल्या २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने सांगितलं होतं की देशात संगणक असलेली घरं शहरांत २३.४ टक्के आणि खेड्यांत जेमतेम ४.४ टक्के. म्हणजे ज्या मुलाचा हात माउसला कधी लागला नव्हता, त्याची स्पर्धा घरी रोज सराव करणाऱ्याशी लावली गेली. फोनवर व्याख्यान ऐकता येतं. प्रकल्प अहवाल लिहिणं, कोड चालवून पाहणं, जातवैधता प्रमाणपत्र ठरलेल्या केबीत बसवून चढवणं मात्र त्या चिमुकल्या पडद्यावर जिकिरीचं होतं. तोही बहुतेकदा घरातला एकच फोन, आणि भावाबहिणींच्या वाटणीत मुलीचा नंबर शेवटचा.

अर्ज घेणाऱ्या जुन्या खिडकीवरही हेलपाटे होते, चिरीमिरी होती, हा आक्षेप खरा आहे. ऑनलाइन अर्जाने वशिल्याला थोडा आळा बसला, हेही मान्य. पण खिडकी बंद केली तेव्हा तिथला माणूसही गेला. चुकलेला रकाना दाखवून देणारा कारकून आता नाही. त्याची जागा अर्जामागे पैसे घेणाऱ्या नेटकॅफेने घेतली, आणि ज्याच्याकडे लॅपटॉप नाही त्यालाच तो खर्च पडतो. त्यात जुलै २०२४मध्ये मोबाइलचे रीचार्जही महागले. यावरचा उपाय साधा आहे: कॉलेजचा संगणक कक्ष संध्याकाळी आणि सुट्टीतही उघडा ठेवणं, अर्जांच्या दिवसांत तिथे एक जाणकार माणूस बसवणं, हे काम दहा वर्षांपूर्वी जितकं सोपं होतं तितकंच आजही आहे.