डबी, छंद आणि आमचा नातू

या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण घेऊन शाळेचे लोक घरी आले, तेव्हा विषय कोणता हे त्यांनी माझ्यावरच सोपवले. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतकाव्यावर किंवा आपल्या सीमाभागातील मराठीवर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु गेली दोन वर्षे माझ्या मनात दुसराच विषय घर करून बसला आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमतो, ते मुलाची प्रगती विचारण्यापूर्वी तो मधल्या सुट्टीत काय करतो हे विचारीत. तेव्हा हा विषय त्यांना परका वाटला नसता. माझ्या नावामागे ‘डॉक्टर’ असले तरी ती डॉक्टरी काव्याची आहे. वैद्यकाविषयी जे सांगतो ते नातवावर उपचार करणाऱ्यांकडून शिकलेले आहे, आणि प्रत्येक मुलाच्या बाबतीत अखेरचा शब्द त्याच्या डॉक्टरांचाच, हे प्रारंभीच सांगून ठेवतो.

माझी मुलगी सौंसरला असते. तिचा मुलगा तेराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने आजारी पडला. लहान मुलांत जो प्रकार अधिक आढळतो आणि योग्य उपचारांनी ज्यातून बहुसंख्य मुले बरी होतात, त्याच प्रकारचा. ‘बरी होतात’ हे दोन शब्द आम्ही नागपूरला ऐकले आणि त्यांच्याच आधारावर परत आलो. मात्र हे उपचार दोन-अडीच वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक काळ चालतात. इतक्या वेळा सुया टोचायच्या तर हाताच्या शिरा टिकत नाहीत. शिवाय यातली काही औषधे अशी दाहक असतात की शिरेबाहेर थेंब सांडला तरी आतले मांस जळते. म्हणून शस्त्रक्रिया करून छातीत ‘पोर्ट’ बसवतात.

पोर्ट म्हणजे काय, हे मी नातवाच्या आजीला ज्या रीतीने सांगितले त्याच रीतीने सांगतो. नाण्याएवढ्या घेराची, पण जाड अशी एक डबी. टायटॅनियम धातूची किंवा टणक प्लॅस्टिकची. तिचे झाकण सिलिकोनचे. ही डबी गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. तिच्यातून निघालेली बारीक नळी मोठ्या शिरेतून हृदयाच्या तोंडापर्यंत जाते. ओढ्याचे पाणी कन्हानेला मिळाले की क्षणात एकरूप होते, तद्वत तेथल्या वेगवान प्रवाहात औषध तात्काळ विरळ होते आणि शिरेला जाळत नाही. औषध देताना कातडीवरून डबीच्या झाकणात सुई टोचतात. सुईही वेगळी. तिचे टोक किंचित वळवलेले असते, त्यामुळे सिलिकोनचा तुकडा न पडता केवळ फट पडते आणि सुई काढताच ती मिटते. म्हणून हजाराहून अधिक वेळा टोचले तरी झाकण गळत नाही. या सुईला ह्यूबर हे नाव आहे ते राल्फ ह्यूबर या अमेरिकन दंतवैद्यावरून. दातांच्या डॉक्टराची कल्पना छातीच्या कामी आली! पोर्ट मात्र पुष्कळ नंतरचे, 1980 नंतर रूढ झालेले. आजीने सारे ऐकून घेतले आणि त्याचे नाव ‘डबी’ ठेवले. घरात तोच शब्द चालतो. मीही येथे तोच वापरीन.

सुई काढली आणि टाके भरून आले की बाहेरून केवळ एक उंचवटा दिसतो. बाहेर लोंबणारी नळी नाही, पट्टी नाही. मुलाने आंघोळ करावी, शाळेत जावे, खेळावे, यासाठीच तर ही योजना आहे. हे मला फार उशिरा उमगले. मी काय केले? शस्त्रक्रियेनंतर घरी आल्याबरोबर त्याची बॅट माळ्यावर टाकली, सायकलला कुलूप लावले, आणि त्याच्या उशाशी गोष्टींची पुस्तके रचून ठेवली. प्रेमानेच केले, यात शंका नाही. आठ दिवस तो काही बोलला नाही. नवव्या दिवशी म्हणाला, “आबाजी, मी बिमार आहो, म्हातारा नाही झालो.”

‘छंद’ या शब्दाकडे मी आयुष्यभर वृत्ताच्या अंगाने पाहिले. संस्कृतात त्याचा एक अर्थ वृत्त, दुसरा इच्छा, आपली मर्जी. मराठीने दुसरा अर्थ उचलला आणि त्यात आवडीचा ध्यास मिसळला. छंद मर्जीचा असतो. मी त्याच्यापुढे ठेवलेली पुस्तके माझ्या मर्जीची होती. चौदाव्या वर्षाकडे निघालेल्या मुलाचे शरीर डॉक्टरांच्या ताब्यात, जेवण आईच्या ताब्यात, आणि उरलेला वेळ आजोबांच्या ताब्यात गेला, तर त्याचे स्वतःचे असे काय राहिले?

पुढच्या खेपेला आम्ही कागदावर प्रश्न लिहून नेले. प्रश्न त्याने सांगितले, मी लिहिले. डॉक्टरांनी एकेक वाचून उत्तर दिले. ही रीत मी सर्व पालकांना सुचवीन, कारण ‘काय काय करायचे नाही?’ असे विचारले की यादी मोठी होते, आणि ‘याला हे करायचे आहे, कसे करता येईल?’ असे विचारले की वाट निघते.

पहिला प्रश्न क्रिकेटचा. तो उजव्या हाताने गोलंदाजी करतो आणि डबी बसली उजव्याच बाजूला. आमच्यापैकी कोणी शस्त्रक्रियेपूर्वी त्याच्या खेळाविषयी बोललोच नव्हतो. विचारलेही नाही, सांगितलेही नाही. पुष्कळदा उजवी बाजूच सोयीची असते, नळी तिकडून सरळ उतरते. तथापि मूल कोणत्या हाताने गोलंदाजी करते, तबल्याची कोणती बाजू वाजवते, व्हायोलिन कोणत्या खांद्यावर धरते, हे आधीच सांगितले तर शल्यचिकित्सक जागेचा विचार करू शकतात. हात वारंवार डोक्यावरून फिरवला तर काही जणांत गळपट्टीचे हाड आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये नळी चेपते, म्हणून गोलंदाजी तूर्त बंद ठरली. फलंदाजीला परवानगी मिळाली, पण टेनिसच्या चेंडूवर, आणि रक्तातील पेशींचे आकडे बरे असतील त्याच आठवड्यांत. आजीने बनियनच्या आत फोमचा एक जाड तुकडा शिवला. डबीवर दाब येऊ नये म्हणून मध्ये पोकळी ठेवली. डॉक्टरांनी तो हाताळून पाहिला आणि संमती दिली. कबड्डी, कुस्ती, फुटबॉल यांना मात्र साफ नकार.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. डबीपेक्षा पुष्कळदा रक्ताचे आकडेच अधिक महत्त्वाचे असतात. औषधांमुळे पांढऱ्या पेशी कमी झाल्या की गर्दी, धूळ, कुजका पालापाचोळा, गोठ्यातला कोंडा यांपासून दूर राहावे लागते. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी झाल्या की साधा मुका मारही महागात पडतो. तेव्हा जे मागच्या आठवड्यात चालले ते या आठवड्यात चालेलच असे नाही. मुलाला हा लहरीपणा वाटतो. आम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडे लिहू लागलो, तेव्हा त्याचे तोच ठरवू लागला आणि माझ्याशी होणारी भांडणे थांबली.

पोहण्याचा प्रश्न त्याच्या जिव्हाळ्याचा होता. सुई टोचलेली नसेल आणि जखम पूर्ण भरली असेल तर स्वच्छ तलावात पोहण्यास डबीची आडकाठी नसते. पण आपल्याकडे पोहणे म्हणजे संत्र्याच्या बागेतली विहीर, आणि तीत काठावरून मारलेली उडी. विहिरीचे पाणी आणि छातीवर बसणारा आघात, दोन्ही नकोत, असे उत्तर आले. त्याला ते फार लागले. सांत्वनाला माझ्याकडे काही नव्हते, आणि मी तसा आवही आणला नाही.

वाद्याचे सोपे झाले. तो भजनी मंडळात ढोलकी वाजवायचा. ढोलकीचा पट्टा नेमका डबीवरून जाई. बसून वाजवली तर पट्टा लागत नाही, पण त्याला उभ्याने, दिंडीत वाजवायची होती. तेव्हा मंडळातल्या एका वडीलधाऱ्यांनी त्याच्या हाती खंजिरी दिली. आपल्या मुलखात खंजिरी म्हटले की राष्ट्रसंत तुकडोजी महाराज आठवतात. नागपूरच्या एका कर्करोग रुग्णालयालाही त्यांचेच नाव आहे. खंजिरी हलकी, हातात धरायची, गळ्यात काही अडकवायचे नाही. आता बोटांना घट्टे पडेपर्यंत वाजवतो. औषधाने कधीकधी बोटांची टोके बधिर होतात, त्या दिवसांत ताल चुकतो आणि स्वतःवरच रागावतो.

मुलींच्या पालकांसाठी एक सूचना. आतल्या कपड्याचा पट्टा आणि दप्तराचा पट्टा डबीवर घासतो, आणि मुलगी संकोचाने सांगत नाही. आईने आपण होऊन विचारावे. दप्तर दुसऱ्या खांद्यावर, मोटारीतल्या पट्ट्याखाली मऊ रुमाल. पट्टा लावायचाच नाही, असे मात्र करू नये. लेझीम, नाच यांना सहसा मज्जाव नसतो, पण हात उंचावण्याच्या हालचाली डॉक्टरांना प्रत्यक्ष करून दाखवाव्यात.

पांढुर्ण्यात बोलतो आहे, तेव्हा गोटमारीविषयी न बोलता कसे चालेल? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावायचा, आणि एका तीरावरून पांढुर्णा तर दुसऱ्या तीरावरून सावरगाव यांनी गोट्यांचा वर्षाव करायचा, ही प्रथा आपणा सर्वांच्या रक्तात आहे. दरवर्षी शेकडो जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, ते चालले नाहीत. त्या वर्षी पोळ्याला नातू माझ्याकडे होता. त्याचे मित्र नदीवर निघाले होते. “मी फक्त काठावर उभा राहतो,” तो म्हणाला. बाकी सर्व बाबतींत आम्ही वाट काढली होती. येथे काढली नाही. पण नुसते ‘नाही’ म्हणालो नाही. छातीवर गोटा बसला तर डबीवरची कातडी फाटू शकते, नळी तुटू किंवा सरकू शकते, आणि त्या आठवड्यात तुझ्या प्लेटलेट कमी आहेत, हे कॅलेंडर समोर धरून सांगितले. त्याने बराच वेळ आकड्याकडे पाहिले. मग म्हणाला, “मग मला येथे आवाज ऐकत बसवू नका.” आम्ही त्या दिवशी पहाटेच सौंसरला गेलो. मी स्वतः लहानपणी नदीत उतरलेला आहे, कपाळावर खूण आहे. ती खूण त्याने त्या दिवशी बसमध्ये प्रथमच नीट पाहिली.

आजारातल्या छंदाची गोष्ट निघाली की मला कुमार गंधर्व आठवतात. 1948 साली ते आपल्याच प्रांतात, देवासला आले, क्षयाने खंगलेले. गाणे बंद. सुमारे पाच वर्षे अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या लोकांची गाणी ऐकली, आणि 1953 च्या सुमारास पुन्हा गाऊ लागले तेव्हा ती धून त्यांच्या गाण्यात उतरली होती. गाता येत नव्हते तेव्हा छंदाने ऐकण्याचे रूप घेतले. हे मी नातवाला सांगितले आणि लगेच पश्चात्ताप झाला. त्याचा चेहरा सांगत होता की आता आजारातूनही काहीतरी करून दाखवावे लागणार. प्रत्येक आजारी मुलाने कुमार गंधर्व होण्याची गरज नाही. कित्येक दुपारी त्याला भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे असते. तेही त्याच्या मर्जीत बसते.

शिक्षकांना एवढेच सांगतो : वर्गात याची जाहीर वाच्यता करू नका. कोणाला सांगायचे हे मूल ठरवील. खेळाच्या तासाला त्याला बाकावर बसवून ठेवण्यापेक्षा धावा लिहायला, पंच व्हायला बोलवा. आणि एक नियम कार्यालयात लिहून ठेवा. डबी असलेल्या मुलाला 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, थंडी वाजून हुडहुडी भरली, डबीची जागा लाल झाली किंवा तिकडचा हात, मान सुजली, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. डबीतला जंतू थेट रक्तात जातो. पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर. म्हणून वाहनाचा आणि रुग्णालयाचा फोन नंबर आधीच लिहिलेला हवा. आमच्यावर ही वेळ एकदा रात्री दोन वाजता आली. नंबर भिंतीवर होता म्हणून आम्ही पहाटेपूर्वी पोहोचलो.

औषध चालू नसतानाही डबी साधारण महिन्याला एकदा धुवावी लागते, नाहीतर नळीत रक्त गोठून ती बंद पडते. काही ठिकाणी हे अंतर अधिक ठेवतात. सुई टोचण्याआधी तासभर बधिर करणारे मलम लावले की दुखत नाही. या नागपूरच्या खेपांतून नातवाचा नवा छंद निघाला, आणि तो मी दिलेला नाही. सौंसरवरून पूर्वी छिंदवाडा–नागपूर छोटी गाडी जायची, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून. 2015 साली ती बंद झाली, आता तेथे मोठी लाईन आहे. मी कॉलेजला त्याच गाडीने जात असे. एका खेपेला रुग्णालयातून लवकर सुटलो म्हणून त्याला नागपूरच्या नॅरो गेज रेल्वे म्युझियममध्ये नेले. तेथून परतल्यावर तो पुठ्ठ्याचे इंजिन करू लागला. ब्लेडचे काम प्लेटलेट कमी असलेल्या आठवड्यांत माझ्याकडे असते, आणि माझी रेघ वाकडी जाते म्हणून तो कुरकुरतो. आमचे स्टेशनमास्तर कसे झेंडी दाखवीत, शिट्टी कशी वाजे, डब्यात किती माणसे बसत, हे तो मला विचारतो आणि वहीत लिहून ठेवतो.

पुढची तारीख येत्या बुधवारची आहे. त्याने फूटपट्टी आणि दोरा दप्तरात भरून ठेवला आहे. मागच्या खेपेला इंजिनाच्या चाकाचा घेर मोजायचा राहून गेला होता.