विमानाची तपासणी सक्तीची कधी होते?

चिकलठाण्याहून उडणारं विमान असो की हेलिकॉप्टर, त्या मॉडेलमध्ये धोकादायक दोष आढळला की नियामक संस्था 'उड्डाणयोग्यता निर्देश' काढते. सांगितलेली तपासणी किंवा दुरुस्ती मुदतीत झाली नाही, तर उड्डाण बंद. भारतात याची अंमलबजावणी डीजीसीए पाहते.

सल्ला मात्र ऐच्छिक असतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफएएने काही बोइंग विमानांच्या इंधन स्विचचं लॉक तपासण्याचा सल्ला दिला होता. १२ जून २०२५ ला अहमदाबादला कोसळलेल्या विमानात ही तपासणी झाली नव्हती, कारण ती बंधनकारक नव्हती, असं प्राथमिक अहवालात नमूद आहे. हाच दोष अपघाताला कारणीभूत ठरला, असं मात्र अहवाल म्हणत नाही.

१४ जुलैला डीजीसीएने आदेश काढला : २१ जुलैपर्यंत तपासणी सक्तीची. जवळपास सात वर्षं सल्ला असलेलं काम आठवड्यात पूर्ण करणं बंधनकारक झालं.