द्विशाखन स्टेंटरोपण
हृद्‌रोहिणी जेथे दोन शाखांत विभागते, तेथील अरुंद भागात स्टेंट (धातूची जाळीदार नळी) बसवण्याच्या पद्धतींना द्विशाखन स्टेंटरोपण म्हणतात. मुख्य शाखेत स्टेंट उघडताना मेदाचा थर सरकून उपशाखेचे तोंड बंद होऊ शकते. म्हणून मोठ्या उपशाखेत आधीच तार घालून ठेवतात. बहुधा मुख्य शाखेत एकच स्टेंट पुरतो. उपशाखा मोठी आणि तिच्यातील अडथळा लांब असल्यास क्रश, क्यूलॉट किंवा टी पद्धतीने दोन बसवतात व शेवटी दोन्ही शाखांत एकाच वेळी फुगे फुगवतात. परळच्या के.ई.एम.सारख्या महापालिका रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णाला दुसऱ्या स्टेंटचा खर्चही किरकोळ नसतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत करांव्यतिरिक्त २९,६०० रुपये ठरली. त्यापूर्वी ती लाखावर जात असे.