पहिल्या तासाची झोप

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. लहान मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यपाल रमेश बैस यांनी बोलून दाखवले होते. निर्णय चांगलाच आहे. पण मी शिकवते ते आठवी-दहावीला, आणि पहिल्या तासाला जास्त पेंगतात ती हीच मुले. घरी त्यांना आळशी म्हणतात.

मेंदू दिवसभर काम करतो, तसतसे त्यात ॲडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते. साठा वाढला की डोळे जड होतात; झोपेत तो उतरतो. चहातले कॅफिन मेंदूत ॲडेनोसिनची जागा अडवून बसते. थकवा तसाच राहतो, फक्त जाणवत नाही. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे उतरायला साधारण पाच तास लागतात. अभ्यासाला बसलेल्या लेकराला अम्मी मायेने रात्री दहाला चहा देते, त्याचा अंमल पहाटे तीनलाही असतो.

दुसरे रसायन मेलाटोनिन. अंधार पडल्यावर ते स्रवते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळते. वयात येणाऱ्या मुलांमध्ये ही वेळ तास-दोन तास पुढे सरकते. त्यात मोबाइलचा उजेड डोळ्यांसमोर असला की आणखी उशीर. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०२२ पासून माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांना साडेआठच्या आत भरायला मनाई केली. आमच्या परभणीकडे ते सोपे नाही. मार्चमध्ये ऊन तापते, शाळा सकाळची करावीच लागते.

२०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी दहावीची परीक्षा रमजानमध्ये आली. तरावीहनंतर अभ्यास, मग सहरीची जाग, म्हणजे झोपेचे तुकडेच. अशा वेळी कैलूला कामी येतो. दुपारी वीस-पंचवीस मिनिटे डोळा लागला तरी डोके हलके होते. असरनंतर तासभर झोपू देऊ नका, ती झोप रात्रीच्या वाट्यातून जाते. सहरीनंतर परीक्षेपर्यंत वेळ असेल, तर फजर पढून मुलाला पुन्हा झोपू द्या. तेवढ्या वेळात एखादा धडा कमी वाचून होईल, होऊ द्या.