कुत्र्याची नोंद, मालकाचा पत्ता

पाळीव कुत्र्याला रेबीजची लस टोचल्यावर पशुवैद्य मालकाच्या हाती जी पुस्तिका देतात, तिच्या पानांवर दोन अगदी वेगळ्या प्रकारची माहिती शेजारी शेजारी नांदत असते. लसीच्या कुपीवरून सोडवून चिकटवलेली बॅच क्रमांकाची चिठ्ठी, टोचल्याची आणि पुढच्या मात्रेची तारीख, जनावराची जात, रंग व वय, आणि खाली डॉक्टरांचा शिक्का, हा सारा तपशील कुत्र्याचा असतो. नाव, घरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक मात्र माणसाचा असतो. महापालिकेत नोंदणी करताना असो, निवासी संकुलाच्या कार्यालयात प्रत देताना असो, ही कागदपत्रे अखंडच पुढे सरकतात, आणि ज्याला केवळ ‘लस झाली आहे का’ एवढेच विचारायचे असते त्याच्याही हाती मालकाचा पत्ता पडतो.

नोंदणीची गरज निर्विवाद आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही, आणि रोगाची साखळी तोडायची तर एखाद्या भागातील किमान ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण व्हावे लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारताने २०२१ मध्ये आखलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. परंतु हे प्रमाण मोजायला कोणत्या वस्तीत किती कुत्री आहेत आणि त्यांपैकी किती टोचलेली आहेत, एवढे आकडे पुरतात. मालक शोधावा लागतो तो कुत्रा चावल्यावर, कारण चावणारा कुत्रा १० दिवस नजरेखाली ठेवून तो धडधाकट राहतो की नाही हे पाहायचे असते. तेव्हाही पत्ता लागतो तो आरोग्य खात्याला, अख्ख्या आळीला नव्हे.

इंदूरसारख्या शहरात हा भेद पुस्तकी राहत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कृष्णबाग कॉलनीत कुत्री फिरवण्यावरून झालेल्या वादाचे पर्यवसान गोळीबारात होऊन दोघांचा जीव गेला. त्या घटनेचा नोंदवहीशी काही संबंध नव्हता, पण कुत्र्यावरून पेटलेले शेजारभांडण कोणत्या थराला जाऊ शकते हे तिने दाखवले, आणि कोणाच्या घरी कुत्रा आहे याची पत्त्यांसह यादी फिरू देणे किती अविचाराचे ठरेल, हे त्यावरून ताडता येते. दुसरी धास्ती कराची असते. मध्य प्रदेशातच सागर महापालिकेने २०२३ च्या आरंभी कुत्रे पाळणाऱ्यांवर कर बसवण्याचे ठरवले होते. कर योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. मात्र रोगप्रतिबंधासाठी दिलेले नाव उद्या वसुलीच्या यादीत निघेल असा संशय आला, तर मालक नोंदच टाळतो, आणि लसीकरणाचा हिशेब तिथेच कोलमडतो.

तंत्रज्ञानाने यावर एक तोडगा दिलेला आहे, पण त्याविषयी गैरसमजच जास्त. कुत्र्याच्या कातडीखाली बसवली जाणारी मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात बॅटरी नसते, ती कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही आणि मालकाचे नावही तिच्यात नसते. यंत्र जवळ नेले की ती फक्त १५ अंकी क्रमांक दाखवते. तो क्रमांक कोणाचा, हे कुठल्या तरी विदागारात, म्हणजे संगणकीय नोंदींच्या साठ्यात, लिहिलेले असते. म्हणून प्रश्न चिपचा नसून त्या साठ्याची किल्ली कोणाकडे, हा आहे.

अमेरिकेत टेक्सास राज्याच्या कायद्याने रेबीज प्रमाणपत्रातील मालकाची ओळख पटवणारी माहिती गोपनीय ठरवली आहे, आणि त्या प्रमाणपत्रात वाहन परवान्याचा क्रमांक घालण्यासही मनाई केली आहे. सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी ती शासकीय यंत्रणांना देता येते. न्यूयॉर्क शहर तर कुत्र्यांच्या परवान्यांची यादी सर्वांसाठी खुली ठेवते, पण तीत कुत्र्याचे नाव, जात, जन्मवर्ष आणि टपाल विभाग असतो, मालकाचे नाव नसते. वहीची दोन अर्धी वेगळी करता येतात याचा हा चालता पुरावा होय.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले, आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. या कायद्यानुसार परवाना किंवा प्रमाणपत्र देण्यासाठी शासनयंत्रणेला ठरावीक निकष पाळून, वेगळी संमती न घेताही माहिती वापरता येईल. खासगी दवाखान्याला मात्र ती कशासाठी हवी हे सांगावे लागेल, आणि लसीची आठवण देण्यासाठी घेतलेला क्रमांक खाद्यविक्रेत्याच्या हवाली करणे त्यात बसणार नाही. गंमत अशी, की कायदा डिजिटल माहितीपुरता असल्याने दवाखान्यातील शाईने लिहिलेली वही त्याच्या कक्षेबाहेर राहते आणि तीच वही संगणकावर चढवली की कक्षेत येते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलमही याच कायद्याने बदलले असून आता अशी माहिती सरसकट नाकारता येते, जरी व्यापक जनहितासाठी ती देण्याची वाट शिल्लक आहे. मालकांच्या दृष्टीने हा दिलासा खरा, परंतु महापालिकेने किती कुत्री टोचली हे विचारणाऱ्या नागरिकालाही याच कलमाकडे बोट दाखवून परतवले गेले, तर तो गोपनीयतेचा दुरुपयोगच म्हणावा लागेल.

सर्वांत दुर्लक्षित प्रश्न नोंद पुसण्याचा आहे. काम संपल्यावर माहिती खोडण्याचे जे बंधन खासगी संस्थांवर येणार आहे, त्यातून कायद्याने शासनयंत्रणेला वगळले आहे. नियमांत केवळ गरजेपुरती माहिती ठेवण्याचा निकष सांगितला आहे, पण गरज संपली हे कार्यालयाला कळणार कसे? कुत्रा दहा-बारा वर्षांत जातो, मालक घर बदलतो, आणि नूतनीकरण न झालेली नोंद मेलेल्या कुत्र्याची की टाळाटाळ करणाऱ्या मालकाची हे वहीवरून उमगत नाही. मृत्यूची खबर देण्याचा सोपा अर्ज आणि ती येताच नाव व क्रमांक काढून फक्त लसीचा तपशील राखण्याची पद्धत, एवढी तजवीज इंदूर महापालिका स्वतःच्या अखत्यारीत करू शकते.